बाबांनी धूप जाळून पाहिला

आमच्या गावात गांजा पकडला गेला की पोलिसांना कोरे कागद लागतात, शिक्का मारायला लाख लागते आणि मी लागतो. मी म्हणजे पंच. आंधळगावच्या रस्त्यावर माझे किराणा आणि पूजासाहित्याचे दुकान आहे, आणि दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आहे. गांजाचे वजन करायला काटा हवा. काट्यामागे काट्याचा मालक येतो, आणि मालकाला सही करता येते. एवढ्या पात्रतेवर मी गेली कित्येक वर्षे कायद्याची सेवा केली. दुसरा पंच कोण, तर त्या वेळी समोरच्या टपरीवर जो कोणी चहा पीत असेल तो.

पंचनाम्याच्या शेवटी एक ओळ ठरलेली असते: ‘वाचून पाहिले, बरोबर आहे.’ तिच्याखाली मी सही करायचो. वाचून मात्र कधी पाहिले नाही. एक तर हवालदारसाहेबांचे अक्षर असे, की दुसऱ्या दिवशी त्यांनाही लागत नसे. दुसरे म्हणजे गिऱ्हाईक खोळंबलेले असायचे. आणि खरे सांगायचे तर वाचण्याने पंचाच्या अब्रूत काही भर पडत नाही, सहीने पडते.

या सेवेमुळे मला गांजातले कळते अशी माझी समजूत झाली. दुकानात दोन माणसे टेकली की मी सुरू व्हायचो. कायद्याने गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, शेंडा. चिकापासून होतो तो चरस. नुसते पान ती भांग, ती गांजाच्या व्याख्येत बसत नाही, तिच्यासाठी राज्याचा निराळा कायदा. हे सगळे मी नाकाने कांदे सोलत सांगायचो आणि लोक मान हलवत साखर बांधून घ्यायचे. “मले दुरून वास समजते,” असे मी म्हणायचो. समजायचाही. घात तिथेच झाला.

माझे बाबा विणकर. अख्खे आयुष्य त्यांनी कोसा, म्हणजे रानातले रेशीम, विणला. मागच्या खोलीत त्यांचा माग अजून उभा आहे आणि सत्तरी उलटल्यावरही सकाळचे दोन तास ते त्यावर बसतात. पंचक्रोशीतले व्यापारी त्यांच्याकडे धागा तपासायला आणायचे, अजूनही कोणी कोणी आणतात. बाबा धाग्याचा एक तुकडा तोडतात, निखाऱ्याला लावतात आणि नाक जवळ नेतात. केस जळल्यासारखा वास आला आणि चिमटीत राख भुरभुरली, तर कोसा खरा. वितळून काळी गोळी झाली, तर खोटा. मग समोर कितीही मोठा व्यापारी असो, बाबा ती गोळी त्याच्या हातावर ठेवतात आणि मागावर जाऊन बसतात. “जाळल्याबिगर खरं-खोटं समजत नाही,” एवढेच त्यांचे तत्त्वज्ञान. सुपारीचे खांडसुद्धा त्यांनी कधी तोंडात टाकले नाही. मला ते थोडे मागासलेलेच वाटायचे, कारण मी दुकानात कागद वाचायचो आणि ते धागे जाळायचे.

एक दिवस मोटारसायकलवरून एक गोड बोलणारा विक्रेता आला. त्याने काउंटरवर चकचकीत पाकिटे मांडली. त्यांच्यावर डोळे मिटलेला साधू, भोवती हिरवी पाने. खाली लिहिले होते: ‘हर्बल धूप. केवळ सुगंधासाठी. मानवी सेवनासाठी नाही.’ त्याखाली आणखी बारीक अक्षरांत: ‘पूर्णपणे कायदेशीर.’

आज आठवले की मला माझ्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. मिठाच्या पुडीवर कोणी लिहीत नाही की हे मीठ कायदेशीर आहे. गुळाच्या भेलीवर लिहीत नाही. कापराच्या डबीवर लिहीत नाही. पण मला वाटले, वा, काय प्रामाणिक कंपनी आहे! तरी पंचाला शोभेल अशी परीक्षा मी घेतलीच. एक पाकीट फोडले, चिमूटभर पाला तळहातावर चुरडला, हुंगला. गोळ्या-चॉकलेटांसारखा गोडसर वास. फुलोरा नाही, चिकटपणा नाही, उग्रपणा नाही. “गांजा नव्हे,” असा निकाल मी स्वतःलाच दिला आणि पाकिटे अगरबत्तीच्या शेजारी, गणपतीच्या तसबिरीखाली लावून टाकली.

पाकिटे खपायला लागली. आणि घेणारे कोण, तर गावातली तरणी पोरे! ज्यांनी जन्मात कधी देवाला उदबत्ती ओवाळली नाही, ते पोट्टे एकेकटे येऊन, इकडेतिकडे पाहत, “भाऊ, थो धूप देजा,” म्हणू लागले. त्यांच्या त्या इकडेतिकडे पाहण्याला मी विनय समजलो. तरुणांना भक्ती करताना लाज वाटते, असे मी लोकांना समजावले. एकाने तर विचारले, “याच्यात कडक येते का?” मी म्हणालो, “भाव असला की सारंच कडक.” त्याने माझ्याकडे फार आदराने पाहिले.

बातमी पसरली. तरुण पिढी धर्माकडे वळली आणि ती आमच्या दुकानातून वळली. मारुतीच्या देवळाच्या समितीने बैठक घेतली आणि माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, चार शब्द. प्रमुख पाहुणे म्हणून आमचे हवालदारसाहेब. ते म्हणाले, “असे दुकानदार गावोगावी झाले, तर पोलिसांना कामच उरणार नाही.” टाळ्या वाजल्या. बाबा मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. म्हातारपणी हात दुखत असतील, असे मला वाटले.

त्याच सुमारास धानाच्या रोवणीच्या दिवसांत एक तरणाताठा गडी शेताच्या बांधीतल्या चिखलातच थरथर कापत बसला. छातीवर हात दाबून “मेलो, मेलो” म्हणत होता, उलट्या करत होता. गावाने निदान केले: ऊन लागले. आभाळ भरलेले होते, पण आमच्या गावाचे निदान आभाळाकडे पाहून होत नाही. त्याच्या खिशात माझ्या दुकानातले पाकीट होते हे मला कानावर आले होते. मी मनात म्हणालो, बघा, शेतावरसुद्धा देवाची आठवण ठेवतो.

एका दुपारी जेवताना बाबांनी विचारले, “गावात इतका धूप जाऊन राह्यला, मंग कोन्या घरातून वास काहून नाही येत?”

मी म्हणालो, “बाबा, नवीन पद्धतीचा हाये. कमी धुराचा.”

“बिनधुराचा धूप आन् बिनपान्याचा तलाव. कायले ठेवतं दुकानात?”

“पाकिटावर लिहून हाये सारं. तुम्ही वाचून तर पाहा.”

“वाचून खरं-खोटं समजलं असतं, तं व्यापारी माह्याकडं कायले आले असते?”

मी हसलो. बायको हसली नाही, एवढे मात्र आठवते.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी मला कोर्टात साक्ष होती. जुनेच गांजाचे प्रकरण, मी पंच. वकिलाने विचारले, मुद्देमालाचा वास कसा होता? मी ठणकावून सांगितले, उग्र होता. तुम्ही स्वतः ओळखला? मी म्हणालो, साहेब, हा पंच नुसता सहीचा पंच नाही. त्याच वेळी खिशात फोन थरथरत होता. बाहेर आल्यावर घेतला. बायको रडत होती.

तिने सांगितले आणि पुढे बाबांकडून कळले ते असे. बाबांनी दुकानातून एक पाकीट उचलले आणि मागच्या खोलीत गेले. वाऱ्याने निखारा भडकू नये म्हणून धागा तपासताना ते दार लावून घेतात, तसे लावले. धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर एक चिमूट टाकली आणि नाक जवळ नेले. काही विशेष झाले नाही. दुसरी चिमूट टाकली. “धूप नव्हे हा,” असे ते आतून ओरडून म्हणाले. खात्री करायला तिसरी टाकली आणि फुंकर घालत वाकले. मग ते ओरडू लागले की मागावर कोणी बसलेले नाही आणि माग चालून राह्यला. बायको धावली तेव्हा ते जमिनीवर होते. अंग ताठ, दातखीळ, तोंडाला फेस. शेजारी म्हणाले, वारा गेला अंगावरून. गाडीत घालून भंडाऱ्याला नेले.

दवाखान्यात पोचलो तेव्हा बाबांच्या हातात सलाईन होती, नाकावर ऑक्सिजन. नाडी धावत होती आणि ते सारखे हात हलवत होते, तुटलेला धागा जोडत असल्यासारखे. डॉक्टरीण वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी. तिने विचारले, “यांनी काही नशा केली आहे का? गांजा, भांग?”

माझा पारा चढला. “मॅडम, हा माणूस सुपारी खात नाही.”

तिने लघवीची तपासणी केली. पट्टीवर गांजा आला नाही. मी तिला म्हणालो, “पाह्यलं?” बाप पलंगावर झटके देत होता आणि मी वाद जिंकल्यासारखा छाती काढून उभा होतो. या एका क्षणाची मला जितकी लाज वाटते, तितकी पुढच्या कशाचीच वाटत नाही.

ती शांतपणे म्हणाली, “ही पट्टी गांजा शोधते. गांजाची नक्कल शोधत नाही.” मग तिने सांगितले. कारखान्यात एक रसायन बनवतात. ते मेंदूत गांजा लागतो तिथेच लागते, पण कितीतरी पटीने जोरात. ते पातळ करून कुठल्याही वाळल्या पाल्यावर फवारतात. फवारा सारखा बसत नाही, त्यामुळे एका चिमटीत काहीच नसते आणि पुढच्या चिमटीत माणूस आडवा करण्याइतके असते. झटके येतात, भ्रम होतो, काळजावर ताण येतो, कोणाकोणाच्या किडन्या बसतात. त्यावर नेमका उतारा नाही, एकेक अवयव सांभाळत राहावे लागते. “म्हणून विचारते,” ती म्हणाली, “त्यांनी नेमके काय जाळले? काय सांभाळायचे ते मला कळायला हवे. असेल तर घेऊन या.”

घेऊन यायची गरज नव्हती. मी पोचताच गडबडीत बायकोने ते फाटके पाकीट माझ्या हातात कोंबले होते आणि ते माझ्या सदऱ्याच्या खिशात होते. मी म्हणालो, “घरातलाच धूप असेल काहीतरी.” आणि बाहेर गेलो.

बाहेर जाऊन मी ओळखीच्या वकिलाला फोन लावला. बापासाठी नाही, स्वतःसाठी. तो म्हणाला, “भाऊ, हे नावावर असते. सरकारची यादी असते. त्या रसायनाचं नाव यादीत असलं तर थेट अंमली पदार्थांचा कायदा, गांजापेक्षा काही सवलत नाही. नाव नसलं तर आज भानगड नाही. बनवणारे हुशार असतात, एक नाव यादीत गेलं की थोडी जोडतोड करून नवीन बनवतात. सरकार यादी घेऊन त्यांच्या मागं, वरातीमागून घोडं.”

“मंग माह्या पाकिटातलं यादीत हाये का नाही?”

“प्रयोगशाळा सांगेल. केव्हा सांगेल ते मले नको विचारू.”

“आन् मले माहीतच नव्हतं तर?”

“ते तुलेच सिद्ध करावं लागते. कोर्ट धरून चालते का तुले माहीत होतं. तोंड उघडू नको.”

मी तोंड उघडले नाही. पंच म्हणून इतरांच्या गांजाचा काटा रत्तीपर्यंत बरोबर दाखवणारा मी, बापाच्या पलंगाशेजारी खिशावर हात ठेवून उभा राहिलो. बाबांना दुसरा झटका आला. नर्स धावल्या. तेव्हा बायको पुढे झाली, माझ्या खिशात हात घातला, पाकीट काढले आणि डॉक्टरणीच्या हातात दिले. माझ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. त्यानंतर सगळी चक्रे फिरली. रक्त गेले, किडनीची तपासणी झाली, औषधे बदलली. लघवी कमी झाली होती. आणखी उशीर झाला असता तर कठीण होते, असे डॉक्टरीण म्हणाली. मला नाही, बायकोला म्हणाली.

दोन दिवसांनी बाबांनी डोळे उघडून पाणी मागितले. तिसऱ्या दिवशी सकाळी हवालदारसाहेब जबाब घेऊन पंचनामा करायला आले, कारण दवाखान्याने रीतसर कळवले होते. पाकीट कुठले हे त्यांना ठाऊक होते. त्या पाकिटांसाठीच तर त्यांनी मला शाल पांघरवली होती. स्टुलावर बसताना ते फार अवघडले. त्यांनी बाबांना विचारले, “बाबा, हे कुठून आणलं?”

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग छताकडे पाहत म्हणाले, “सानगडीच्या बजारातून. एक फिरता मानूस होता. म्या घेतलं.”

बाबा गेल्या वर्षभरात गावाबाहेर गेले नव्हते. ज्या माणसाने आयुष्यभर खोट्या धाग्याची गोळी व्यापाऱ्याच्या हातावर ठेवली, त्याने माझ्यासाठी भर सकाळी, शुद्धीवर असताना, खोटे सांगितले. हवालदारसाहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि भराभर लिहायला घेतले. बाबांच्या खोट्याने सगळ्यांची सोय होत होती: माझी, त्यांची, सत्कार समितीची, देवळाची.

लिहून झाल्यावर सवयीने त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मुलगा बापाच्या प्रकरणात पंच होऊ शकत नाही, हे त्यांनाही माहीत होते आणि मलाही. पण हात सरावले होते. “भाऊ, इथं.” त्यांचे बोट त्या ठरलेल्या ओळीखाली होते: वाचून पाहिले, बरोबर आहे.

मी पेन हातात घेतले आणि त्या दिवशी, आयुष्यात प्रथमच, पंचनामा वाचला. अक्षर लागत नव्हते, तरी एकेक शब्द लावून वाचला. ‘सदर इसमाने स्वखुशीने नशेच्या उद्देशाने सदरचा पदार्थ खरेदी करून सेवन केला.’ सदर इसम म्हणजे माझे बाबा. नशेच्या उद्देशाने! ज्यांनी सुपारी खाल्ली नाही ते कागदावर नशाबाज झाले होते, आणि त्याखाली माझी सही हवी होती. मला रडू फुटले. यापूर्वी ज्या ज्या कागदांवर मी सही केली, त्यांत कोणाचा बाप काय झाला असेल, हेही मनात येऊन गेले.

“साहेब, हे बरोबर नाही,” मी म्हणालो.

“सही कर, लेका,” बाबा पलंगावरून म्हणाले.

“पाकीट माह्या दुकानातलं हाये,” मी हवालदारसाहेबांना म्हणालो. “तुमाले माहीत हाये. गावाले माहीत हाये. गणपतीच्या फोटोखाली अजून पाकिटं पडून हायेत. चला, काटाही तिथंच हाये.”

हवालदारसाहेबांनी कागद फाडला आणि नवा घेतला. म्हणाले, “वाचाची अवदसा कायले सुचली तुले?”

माझ्याच दुकानात, माझ्याच काट्यावर पाकिटांचे वजन झाले. टपरीवर चहा पिणाऱ्या दोघांना पंच केले, कारण नेहमीचा पंच समोर आरोपीच्या जागी उभा होता. त्यांनीही न वाचता सही केली. नंतर काटाही मुद्देमालात गेला. त्या गोड विक्रेत्याचा नंबर तेव्हापासून बंद आहे. पोट्ट्यांपैकी दोघांच्या आयांनी दुकानासमोर उभे राहून मला जे ऐकवले ते मी खाली मान घालून ऐकले. देवळाच्या समितीने शाल परत मागितली नाही, पण सत्काराचा फोटो देवळातून उतरवला.

प्रयोगशाळेचा अहवाल अजून आलेला नाही. त्या रसायनाचे नाव यादीत निघाले तर मी आरोपी, नाही निघाले तर दुकानदार. दोन्ही वेळा पाकिटात तेच आहे आणि बाबांच्या किडन्या तेवढ्याच दुखावल्या आहेत. तारखेला जातो, बाहेरच्या बाकावर बसतो. साक्षीला आलेले पंच मला ओळखतात आणि तोंड फिरवतात. मी मात्र त्यांना सांगतो, बावा, एकदा वाचून पाहा.

बाबा घरी आले. हात थरथरतो, बारीक धागा ओवता येत नाही, पण सकाळी मागावर बसतात. एकदा मी धीर करून शेजारी बसलो आणि विचारले, “बाबा, तुम्ही माह्यासाठी खोटं काहून बोलले?”

“आपल्या घरचा धागा कोनी जाळून पाहते का?” ते म्हणाले.

बाबांनी तुटलेले टोक शोधले, थरथरत्या बोटांनी गाठ मारायला घेतली, आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाले, “पन तू सोताच जाऊन उभा राह्यला विस्तवात. म्या पाह्यलं पलंगावरून. राखच झाली, लेका. गोळी नाही झाली.”

गाठ काही त्यांना जमेना. मी हात पुढे केला आणि त्यांनी टोक माझ्या हातात दिले.